नाशकात राहून शिडाच्या नावेचं रिगिंग शिकायचंय? मग इथून सुरुवात करा

रिगिंग म्हणजे काय ते आधी एका दमात सांगून टाकतो. डोलकाठी उभी धरून ठेवणाऱ्या तारा, शीड वर चढवणारे आणि आतबाहेर सोडणारे दोर, त्यांच्या कप्प्या, क्लीट (दोर अडकवायची खुंटी), शॅकल (पिनेने बंद होणारी कडी), बारीकसारीक पिना, आणि यातलं काय कुठे बांधायचं, किती ताणायचं, कधी बदलायचं, हे सगळं काम म्हणजे रिगिंग. आता नाशकात बसून हे शिकता येतं का, तर हो, आणि सुरुवातीचा निम्मा भाग तर गच्चीवर आणि शेतातच शिकायचा असतो. पाण्यावर गेल्यावर वारा तुम्हाला गाठ आठवायला वेळ देत नाही, ती हातात आधीच बसलेली लागते. आणि सामानाचं म्हणाल तर द्राक्षबागा आणि सातपूर-अंबडचे कारखाने यांच्यामुळे दोर, तार, ताडपत्री, टर्नबकल, स्टीलचे नटबोल्ट यातलं बरंचसं इथेच मिळतं. कॅम क्लीट (दोन दातेरी जबड्यांत दोर धरणारी क्लीट), नावेसाठीचे ब्लॉक (कप्प्या) आणि शिडाचं खरं कापड मात्र मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं.

आधी ओढ समजून घ्या

नवीन माणूस पहिल्याच दिवशी नावं पाठ करायला लागतो, फोरस्टे, श्राउड, हॅलयार्ड, शीट, व्हँग वगैरे. नावं हळूहळू येतात. त्याआधी एकच प्रश्न प्रत्येक दोराला विचारायची सवय लावा: यातली ओढ कुठून येते, कशाकशातून जाते आणि शेवटी कुठे संपते?

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बाजूच्या माणसाला हे समजावून सांगायला वेळच लागत नाही. द्राक्षबागेचा मांडव बघा. कडेचे अँगल बाहेर कललेले असतात, त्यांना जमिनीतल्या अँकरला तारेने मागे खेचून ठेवलेलं असतं, आणि मधल्या सगळ्या तारांचा, वेलींचा, घडांचा भार फिरत फिरत त्या कडेच्या तारेवरच येतो. ती एक तार सुटली तर अख्खी ओळ बसते. डोलकाठीचंही अगदी असंच असतं. तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा म्हणजे श्राउड, पुढची तार म्हणजे फोरस्टे, आणि या तीन तारा जिथे नावेला धरल्यात तिथल्या तीन पिना.

थोडं गणित करून बघा म्हणजे हे डोक्यात पक्कं बसेल. समजा दोन माणसांची छोटी नाव आहे, दोघांचं मिळून वजन १६० किलो, नाव वाऱ्याने कलते म्हणून दोघं कडेवर बाहेर झुकून बसलेत, त्यांचं वजन नावेच्या मध्यापासून साधारण १.२ मीटरवर पडतंय. पण श्राउड नावेला धरलाय मध्यापासून फक्त ०.७ मीटरवर. मग वाऱ्याच्या बाजूच्या त्या एका तारेवर ओढ येते १६० गुणिले १.२ भागिले ०.७, म्हणजे २७५ किलोच्या आसपास. आधी ताणून ठेवलेली ओढ आणि लाटांचे हिसके हे वेगळंच. ३ मिमी जाडीची चांगली स्टेनलेस तार ७०० किलोच्या वर तुटते, म्हणजे तार पुरेशी आहे. पण तारेच्या टोकाची पिन, पिनेला धरणारी ती छोटीशी रिंग, नावेला बसवलेली पट्टी, पट्टीचे स्क्रू, हे सगळं त्याच ओढीच्या रस्त्यात आहे आणि रिग, म्हणजे डोलकाठी आणि तिच्या तारा-दोर, पडते ती जवळजवळ नेहमी यातल्याच कशानेतरी.

अजून एक गोष्ट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. त्यामुळे १० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) वाऱ्यात सगळं मस्त चाललंय म्हणून २० नॉटमध्येही चालेल असं अजिबात समजू नका.

जुनं शिकायचं की नवं?

दोन्ही, आणि जुनं आधी. कारण जुन्या रिगमध्ये सगळं डोळ्याला दिसतं.

कोकणातली जुनी मचवे-गलबतं आठवा, फोटोत तरी बघितलीच असतील. डोलकाठी चक्क पुढे झुकलेली असते, आणि तिच्यावर तिरपं टांगलेलं लांबलचक परबाण, त्याला शीड बांधलेलं. परबाण इतकं लांब लागतं की एका लाकडात भागत नाही, दोन-तीन लाकडं एकमेकांवर ठेवून दोराने आवळून करतात. आणि डोलकाठीला बाजूने धरणारे दोर हे कायमचे ठोकलेले नसतात, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला नेऊन कप्पीने ताणायचे, नाव फिरवली की तेही फिरवायचे. म्हणजे ओढ नेमकी कुठे येणार हे प्रत्येक खलाशाला प्रत्येक वळणावर समजून घ्यावंच लागायचं. आजच्या नावेत दोन्ही बाजूंच्या तारा कायम लागलेल्या असतात, त्यामुळे काम सोपं झालंय पण तो विचार करायची सवय सुटते, आणि माझ्या मते नव्या लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

दोराच्या कामाला कमी लेखू नका. नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला ताफ्यात घेतलेलं कौंडिण्य हे जहाज बघा, त्याच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत आणि वर चौकोनी शिडं आहेत. दुसरीकडे गोव्यात बांधलेली म्हादेई, आजच्या काळातली यॉट, तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तिच्यावरून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. तेच टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते तेव्हा वादळात त्यांच्या नावेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. इतक्या अनुभवी माणसाच्या नावेवरही समुद्र असं करू शकतो, म्हणून या कामात हयगय नको.

पायरी १: दोर ओळखा

दुकानात गेलं की सगळे दोर सारखेच दिसतात आणि दुकानदार सगळ्यांना नायलॉनच म्हणतो, तर तिथे थोडं लक्ष द्या.

खरा नायलॉन ताणला की बराच लांबतो, म्हणून नांगरासाठी आणि नाव किनाऱ्याला बांधायला उत्तम, पण शीड चढवायला वाईट, कारण वाऱ्याचा झोत आला की दोर लांबणार आणि शीड खाली सरकणार. पॉलिस्टर कमी लांबतो, उन्हात बऱ्यापैकी टिकतो, हाताला मऊ असतो, त्यामुळे सुरुवातीला नावेवरचं जवळपास सगळं काम पॉलिस्टरमध्येच करा. शीड आतबाहेर करायचा दोर, म्हणजे शीट, ८ ते १० मिमीचा घ्या. यापेक्षा बारीक दोरही ताकदीला पुरतो पण हात कापतो. पिवळा-निळा स्वस्त पॉलिप्रोपिलीनचा दोर, जो आपल्याकडे गुरं बांधायला आणि ट्रकवर सर्रास वापरतात, तो पाण्यावर तरंगतो हा त्याचा एकच मोठा गुण, बाकी नाशिकच्या उन्हात त्याची पावडर व्हायला लागते. बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरासाठी ठेवा, रिगिंगमध्ये नको.

डायनिमा हा वेगळाच प्रकार. वजनाच्या मानाने स्टीलपेक्षा कितीतरी पट मजबूत, जवळजवळ लांबतच नाही, पाण्यावर तरंगतो. पण इतका गुळगुळीत की साधी गाठ त्यात सरकून सुटते, त्यामुळे त्याचं टोक दोराच्या पोटातच घालून कडी करायची असते, त्याला स्प्लाइस म्हणतात. आत घातलेला भाग दोराच्या जाडीच्या ७२ पट ठेवायचा असा धरून चालायचा नियम आहे, म्हणजे ५ मिमी दोर असेल तर ३६ सेंमी. एवढं कशाला असं वाटतं, पण तो दोर फक्त घर्षणावर धरलेला असतो, ओढ वाढेल तसा बाहेरचा दोर आतल्याला जास्त आवळतो, आणि आतला भाग आखूड असेल तर तो सरळ निसटतो.

पायरी २: पाच गाठी, डोळे मिटून

पुस्तकात शेकडो गाठी असतात. तुम्हाला पाच पुरतात.

आठाची गाठ दोराच्या टोकाला, म्हणजे टोक कप्पीतून निसटून जाऊ नये. दुसरी बोलाइन, ही तर रिगिंगची राणी. दोराच्या लांब भागावर एक छोटं वेटोळं करा, टोक खालून वर त्या वेटोळ्यातून काढा, लांब भागाच्या मागून फिरवा आणि परत त्याच वेटोळ्यात खाली घाला. कितीही ओढ आली तरी फास आवळत नाही, आणि ओढ गेली की बोटाने सुटते. आपली निरगाठ इथे चालत नाही कारण ओल्या दोरावर ओढ बसल्यावर ती सुटतच नाही, मग सुरी काढावी लागते. तिसरी, एक पूर्ण वेढा देऊन दोन अर्ध्या गाठी, खांबाला किंवा कडीला बांधायला. चौथी, जाड दोराला बारीक दोर जोडायची शीट बेंड.

पाचवी गाठ नाहीच खरं तर, क्लीटवर दोर कसा अडकवायचा ते आहे. आधी क्लीटच्या बुडाला एक वेढा, मग तिरपे आठ आकडे दोन, आणि शेवटी एक उलटा अडका. शीड चढवायच्या दोराला असं करा. पण मोठ्या शिडाची शीट छोट्या नावेत कधीही, म्हणजे कधीही, असं बांधून ठेवायची नाही. ती हातात धरायची, फार तर कॅम क्लीटमध्ये, जो एका झटक्यात सुटतो. अचानक झोत आला की शीट सोडता आली पाहिजे, नाही सुटली तर नाव उलटी.

गाठीने दोराची ताकद कमी होते हे लक्षात ठेवा, साधारण तिसरा हिस्सा तरी गेलाच असं धरा, कधी निम्मी. म्हणून जिथे कायमची आणि मोठी ओढ आहे तिथे गाठ नको, स्प्लाइस हवा. तीन पदरी दोराचा स्प्लाइस घरी बसून शिकता येतो: पदर उलगडायचे, कडी करायची आणि एकेक पदर मूळ दोराच्या पदरांखालून ओवत जायचं. काथ्या किंवा सुतळीसारख्या दोराला तीन फेऱ्या पुरतात, नायलॉन-पॉलिस्टर गुळगुळीत म्हणून पाच तरी घाला.

आणि दोराचं टोक नुसतं मेणबत्तीवर वितळवून सोडू नका. मेण लावलेल्या पक्क्या दोऱ्याने दोराच्या जाडीच्या दीडपट लांबीत गच्च गुंडाळून, सुईने दोरातून आरपार टाके घेऊन बंद करा. वितळवलेलं टोक कडक होऊन चिरतं आणि हाताला लागतं.

पायरी ३: तार

द्राक्षबागेची जीआय तार इथे चालणार नाही. ती एकच सळई असते, वाकवली की तिथे कमजोर होते आणि तुटताना काही सांगत नाही. नावेला अनेक तारा पिळलेली वायर लागते. १×१९ म्हणजे १९ जाड तारांची एकच पिळी, कमी लांबते, म्हणून श्राउड आणि फोरस्टेला. ७×१९ म्हणजे सात पिळ्या आणि प्रत्येकीत १९ बारीक तारा, ही मऊ, कप्पीवरून वळते, म्हणून जिथे तार फिरायची आहे तिथे. स्टेनलेसमध्ये धरणाच्या गोड्या पाण्याला ३०४ ग्रेड चालून जातो, पण नाव पुढेमागे मांडव्याला किंवा मालवणला न्यायची असेल तर पहिल्यापासून ३१६ घ्या.

टोकाला कडी करताना आत थिंबल, म्हणजे कडीच्या आत बसणारी धातूची खोबण, हवंच, नाहीतर तार पिनेवर फार आकुंचित वळते आणि तिथेच तुटायला लागते. वायर रोपच्या दुकानात फेरूल, म्हणजे तारेचे दोन पदर एकत्र आवळणारी धातूची नळी, दाबून देतात, तिथे आठवणीने सांगा की स्टेनलेस तारेला तांब्याची फेरूल हवी, ॲल्युमिनियमची नको. दोन वेगळे धातू ओले राहिले की त्यातला ॲल्युमिनियम खात जातो.

तात्पुरतं काम यू-क्लिपने होतं, जशी विहिरीतल्या मोटारीच्या तारेला लावतात. त्यात नियम असा की क्लिपची बसकी बाजू ओढ असलेल्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट आखूड टोकावर. तीन क्लिप तरी लावा. पण पाण्यावर जाताना या क्लिप नको, शीड त्यांना अडकून फाटतं.

पायरी ४: ताडपत्रीचं शीड, शेतात उभं करायचं

ही पायरी कुणी गाळू नका, शीड म्हणजे काय हे इथेच कळतं. साधं चौकोनी लग शीड करायचं, साधारण ४ चौरस मीटरचं. पुढची कड १.५ मीटर, वरची कड २ मीटर, मागची कड ३.२ मीटर, खालची कड २.१ मीटर. आणि नुसत्या चार कडांनी चौकोन पक्का होत नाही, म्हणून तिरपं माप घ्यायचं: खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत ३.३ मीटर. जमिनीवर खुंट्या ठोकून दोरी लावून आखा, मग ताडपत्री कापा.

कापताना वरची आणि खालची कड सरळ कापू नका, मधोमध ५ सेंमी बाहेर फुगवून गोलाई द्या. ही कड नंतर सरळ बांबूला बांधली की ती जास्तीची गोलाई कापडात सरकते आणि शिडाला पोट येतं. पोट नसलेलं शीड नुसतं वारा अडवतं, वाऱ्याच्या दिशेकडे तिरपं चढायला पोटच लागतं. कडा दुमडून दोन शिवणी मारा, कोपऱ्यांवर तीन-चार थर लावा, दर २५-३० सेंमीवर आयलेट ठोका.

वरची आणि खालची काठी बांबूची. मानवेल मिळाला तर सोनं, तो भरीव असतो, पेठ-त्र्यंबक बाजूच्या कुणाला विचारा. डोलकाठी ३.५ मीटरची, जमिनीत पक्की गाडा किंवा शेतातल्या लाकडी खांबाला दोन ठिकाणी आवळा. शीड चढवायचा दोर वरच्या काठीला पुढच्या टोकापासून साधारण दोन पंचमांश अंतरावर बांधा. खालच्या काठीला पुढच्या टोकाजवळ एक दोर, जो तिला खाली खेचतो.

आता ताणा आणि सुरकुत्या वाचा. हे रिगरचं खरं वाचन आहे. सुरकुत्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे जात असतील तर खाली खेचणारा दोर ढिला आहे, अजून ताणा. उलट, वरच्या मागच्या कोपऱ्यातून खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे हलकी घडी दिसत असेल तर बरोबर आहे, वारा भरला की ती जाईल. वारा भरूनही राहिली तर थोडं सैल करा. एक दोर इंचभर हलवला की सगळं कापड कसं बदलतं ते पाहत बसा, एक अख्खी संध्याकाळ द्या याला.

एकच अट, आसपास वीजवाहिनी नको.

आणि हे शीड भाड्याच्या किंवा पर्यटकांच्या बोटीवर लावून पाण्यात उतरू नका. पाण्याखाली उभी फळी आणि नीट सुकाणू नसेल तर ती बोट फक्त वाऱ्यामागे वाहत जाते, परत येत नाही.

पायरी ५: खरी नाव, किनाऱ्यावर

शिकायला तीन नावा भेटण्याची शक्यता जास्त. मुलांची ऑप्टिमिस्ट, १९४७ ची क्लार्क मिल्स यांची डिझाइन, २.३ मीटर लांब, ३५ किलोची. तिला तारा नाहीत, एक तिरपी काठी शिडाचा वरचा कोपरा ढकलून धरते, आणि सुरकुत्यांचा नियम ताडपत्रीच्या शिडासारखाच, फक्त इथे काठी ताणायची किंवा सैल करायची. दुसरी लेझर, आता तिला इल्का म्हणतात, ४.२ मीटर, एका माणसाची. हिलाही तारा नाहीत, दोन तुकड्यांची डोलकाठी शिडाच्या बाहीत घालून खाचेत उभी करायची. यात लोक विसरतात अशा गोष्टी दोन: डोलकाठी बाहेर पडू नये म्हणून बांधायचा छोटा दोर, आणि सुकाणूची क्लिप. नाव उलटली की यातलं न बांधलेलं जे असेल ते धरणाच्या तळाला जातं.

रिगिंग शिकायला मला तिसरी आवडते, एंटरप्राइझ, जॅक होल्ट यांची १९५६ ची, दोन माणसांची, निळ्या शिडांची. हिला तारा आहेत म्हणून हिचा क्रम नीट सांगतो.

नाक वाऱ्याकडे करून नाव ट्रॉलीवर ठेवा. आणि सगळ्यात आधी मान वर करून आजूबाजूला बघा. आपल्या धरणांच्या काठाला उपसा सिंचनाच्या मोटारी असतात आणि त्यांच्या विजेच्या तारा अगदी पाण्यापर्यंत येतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी त्या तारेला टेकली तर माणूस जातो. डोलकाठी उभी केल्यावर ट्रॉली ढकलत पाण्यापर्यंतचा रस्ताही याच नजरेने पाहून ठेवा.

मग डोलकाठी आडवी ठेवून सगळ्या तारा आणि दोर सरळ करा, एकमेकांत पीळ नको. शीड चढवायच्या दोरांची दोन्ही टोकं खाली बांधून ठेवा, एक टोक वर पळालं तर डोलकाठी परत उतरवावी लागते. दोन्ही श्राउड आधीच नावेला लावून घ्या. आता एकाने डोलकाठी उभी करून बुडाच्या खाचेत बसवायची, दुसऱ्याने पुढे फोरस्टे धरून लगेच पिन घालायची. पिनेत रिंग लगेच, नंतर घालू म्हणायचं नाही. रिंगवर टेप गुंडाळा, म्हणजे शिडात किंवा कपड्यात अडकून ती निघत नाही.

मग पुढचं छोटं शीड, जिब. इथे एक गंमतीची गोष्ट बघायला मिळते: या नावेत जिबच्या पुढच्या कडेतच तार असते, आणि जिब ताणून चढवलं की डोलकाठीची पुढची ओढ त्या तारेवर जाते आणि फोरस्टे चक्क ढिला पडतो. बघणारा घाबरतो, पण ते बरोबर आहे. ओढीचा रस्ता बदलला एवढंच. म्हणून जिबचा हॅलयार्ड, म्हणजे ते चढवायचा दोर, आणि त्याचा अडका हे आता डोलकाठी उभी धरणारे भाग झाले, त्यांची तपासणी श्राउडइतकीच काळजीने करा.

नंतर बूम (मोठ्या शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी), शिडाच्या पट्ट्या, मोठं शीड सगळ्यात शेवटी आणि तेही पाण्यात उतरायच्या अगदी आधी, शीट पूर्ण मोकळी आणि बूम खाली खेचणारा व्हँग ढिला ठेवून. सुकाणू, त्याची क्लिप, नावेच्या बुडाची बुचं. सगळ्या शीटच्या टोकाला आठाची गाठ.

पायरी ६: ताण जुळवणं

डोलकाठीच्या बुडाशी डोळा लावून वर शिडाच्या खाचेकडे बघा, ती बाजूला वाकलेली दिसायला नको. दोन्ही श्राउड सारखे आहेत का ते बघायला हॅलयार्डला मोजायचा टेप बांधून वर चढवा आणि नावेच्या दोन्ही कडांवर सारख्याच ठिकाणी माप घ्या. किती ताणायचं तर मध्यम वाऱ्यात चालताना वाऱ्यापलीकडच्या बाजूचा श्राउड थोडा सैल पडला तर चालतो, पण लोंबायला लागला तर कमी ताण आहे. वीणेच्या तारेसारखा वाजवून बघू नका, नवशिके फार ताणतात आणि लाकडी किंवा फायबरच्या नावेचं बूड त्याने दबतं.

जिबवर लोकरीचे छोटे तुकडे चिकटवा, पुढच्या कडेजवळ वर, मध्ये, खाली. नाव हळूहळू वाऱ्याकडे वळवली की ते एकदम फडफडायला हवेत. वरचा आधी फडफडला तर शीटची कडी पुढे सरकवा, खालचा आधी फडफडला तर मागे. मोठ्या शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या असतील तर ती कड अजून खाली ताणा.

पाण्यावर जाताना

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडे असतं, परवानगीशिवाय नाव उतरवू नका. गंगापूर धरणावर बोट क्लब आहे, तिथे चौकशी करून सुरुवात करा, आणि पुढे रीतसर शिकायचं तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी जोडलेला क्लब शोधा, मुंबईत गेटवेजवळ रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. लाइफ जॅकेट घरूनच घालून निघा असं म्हटलं तरी चालेल. पहिले दिवस १० नॉटच्या आतला वारा. एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचे ढग दिसले की उतरायचंच नाही, डोंगरावरून येणारे झोत दिशा बदलत येतात आणि पावसाआधीचा वारा काही मिनिटांत कितीतरी पट होतो.

परत आल्यावर

आधी मोठं शीड उतरवा, मग जिब, मग बाकीचं. शीड घडी न करता गुंडाळा, एकाच ठिकाणी रोज घडी पडली की कापड तिथे चिरतं. गोडं पाणी असलं तरी गाळ असतोच, कप्प्या आणि कॅम क्लीट स्वच्छ पाण्याने धुवा. नावेवर शीड उन्हात सोडू नका.

तारेवरून जुनं सुती फडकं फिरवा, बोट नाही. कुठे धागा अडकला तर तिथे एक बारीक तार तुटलेली आहे, आणि १×१९ मध्ये एक तुटली म्हणजे ती श्राउड बदलायचीच. तारेवर प्लास्टिकची नळी किंवा जुना टेप असेल तर काढून आत बघा, स्टेनलेसला हवा लागते, कोंडलेल्या ओलाव्यात ते आतून खड्डे पडून कुजतं आणि बाहेरून चकचकीत दिसतं. फेरूलजवळ तपकिरी डाग, पिनेवर घासल्याची खाच, वाकलेली रिंग, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी वहीत लिहा आणि पुढच्या वेळेआधी बदला. आणि एका बाजूची श्राउड बदलली की दुसऱ्या बाजूचीही बदला, दोघींनी सारखंच ऊन आणि सारखीच ओढ खाल्लेली असते, आणि नवी-जुनी तार सारखी लांबत नाही त्यामुळे डोलकाठी एका बाजूला जाते.